फिरतीची नोकरी, धुळीच्या शिंका आणि ढाब्यावरची शेवभाजी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बियाणे कंपनीत फिल्डवर आहात. घर जळगावला, फिरती चोपडा, शिरपूर, शहादा, नंदुरबारपर्यंत, बहुतेक मोटारसायकलवर. पावसाळा संपला की सकाळी शिंका सुरू होतात आणि कापसाच्या जिनिंगमध्ये (सरकी काढायच्या कारखान्यात) गेलं की छाती आवळते. त्यात मध्यंतरी एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, घशात खाज आली आणि उलटी झाली. शेजारच्या मेडिकलवाल्यानं दोन गोळ्या दिल्या, तासाभरात बरं वाटलं. तेव्हापासून शेंगदाण्यावर संशय धरून तुम्ही दाणे बंद केलेत. आता तुम्ही विचारताय की बॅगेत कायम कोणती गोळी ठेवू, शेतकऱ्याच्या घरी जेवायला नाही कसं म्हणू, आणि हे असंच चालणार असेल तर फिरती सोडून ऑफिसचं काम मागू का.

मी जळगाव जिल्ह्यातच छातीचे विकार आणि अ‍ॅलर्जी बघतो. माझ्याकडे फिरतीवाले भरपूर येतात: एमआर, खत-बियाण्यांचे प्रतिनिधी, ठिबकवाले, कापसाचे व्यापारी. बहुतेकांचा पहिला प्रश्न तुमच्यासारखाच गोळीचा असतो. पण तुमच्या एका प्रश्नात दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांवर तुम्ही एकच गोळी शोधताय, खरी अडचण ही आहे. नाक आणि छातीचा त्रास रोजचा, हळू चालणारा आहे. त्याला घरून निघण्याआधी घेतलेलं नेमाचं औषध लागतं. ढाब्यावर झालं ते क्वचित होणारं पण जिवावर बेतू शकणारं आहे. तिथे लागतं ते पथ्य आणि इंजेक्शन. खिशातली सेट्रिझिन पहिल्याला अपुरी पडते आणि दुसऱ्यात तर भलताच धीर देते.

ढाब्यावरच्या प्रसंगाचं आधी बोलू. खाल्ल्यावर लगेच त्वचा आणि पोट अशा दोन ठिकाणी एकदम लक्षणं आली, घसाही त्यात होता. याला मी अ‍ॅनाफिलॅक्सिसच धरतो, म्हणजे अंगभर पसरणारी, जिवावर बेतू शकणारी अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन. गोळ्यांनी बरं वाटलं असं तुम्हाला वाटतंय, पण पोटात गेलेल्या गोळीचा असर जाणवायला अर्धा-एक तास जातो, आणि ती खाज आणि गांधी यांच्यापलीकडे फारसं काही करत नाही. खाली आलेला रक्तदाब ती वर आणत नाही, सुजलेला घसा मोकळा करत नाही. त्या दिवशी रिअ‍ॅक्शन आपोआप ओसरली, एवढंच. पुढची किती जोरात येईल हे मागचीवरून कुणालाच सांगता येत नाही. आणि ज्याचा दमा ताब्यात नाही, त्याला अन्नाची रिअ‍ॅक्शन जास्त महागात पडते. म्हणून आजार दोन असले तरी छातीचं औषध नीट घेणं हा अन्नाच्या अ‍ॅलर्जीचाही बंदोबस्त आहे.

आता, दोष शेंगदाण्याचाच कशावरून? तुम्ही लिहिलंय की त्या दिवसापासून दाणे बंद केलेत. पण त्याआधी घरी दाण्याची चटणी, साबुदाण्याची खिचडी बिनघोर खात होतात का, हे लिहिलेलं नाही. आदल्या आठवड्यापर्यंत खात असाल आणि काही होत नसेल, तर माझा संशय दुसरीकडे जाईल. शेवभाजीच्या रश्शात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण आणि मसाला असतोच. त्याशिवाय कुणी तीळ टाकतं, कुणी खसखस, कुणी काजूचा चुरा, कुणी दाण्याचा कूट. शेव बेसनाची असली तरी स्वस्तातल्या शेवेत दुसरं पीठही असू शकतं. म्हणून एक काम कराच: त्या ढाब्याला फोन करा किंवा पुढच्या फेरीत थांबा, आणि वाटणात काय काय होतं ते आचाऱ्याकडून लिहून घ्या. गल्ल्यावरच्या माणसाला बहुतेक वेळा ते माहीत नसतं. त्या दिवशी अंगदुखीची गोळी घेतली होती का, दारू होती का, जेवून लगेच उन्हात धावपळ झाली का, हेही आठवा. या गोष्टींमुळे एरवी सौम्य राहणारी रिअ‍ॅक्शन भडकते.

ही यादी घेऊन अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरकडे जा आणि संशय असलेल्या मोजक्या पदार्थांचीच त्वचेवरची तपासणी करून घ्या. रिअ‍ॅक्शननंतर चार-सहा आठवडे जाऊ द्यायचे, आणि तपासणीच्या आधी साधारण आठवडाभर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवायच्या, नाहीतर निकाल खोटाच नकारात्मक येतो. शेकडो पदार्थांच्या रक्ततपासणीची जी पॅकेजं मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. असे रिपोर्ट घेऊन माणसं माझ्याकडे येतात: गहू, दूध, वांगी, तूर, केळी सगळ्यापुढे खूण, आणि बिचारा महिनाभर वरणभातावर राहून वाळलेला. रक्तात खूण दिसणं म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. तो पदार्थ खाल्ल्यावर खरोखर त्रास होत असेल तरच त्या खुणेला अर्थ. (रावेर-यावलकडच्या मंडळींसाठी जाता जाता: केळं खाल्ल्यावर तोंडात खाज येत असेल तर ऑपरेशनच्या किंवा दातांच्या डॉक्टरला ते आधी सांगा. रबरी हातमोज्यांच्या लॅटेक्सची आणि केळ्याची अ‍ॅलर्जी कधीकधी जोडीनं असते.)

आता नाक. रोज शिंका येणाऱ्या माणसाला माझं पहिलं औषध म्हणजे नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. त्याचा पुरता गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधी तो सुरू करायचा. तुमच्या बाबतीत मी ऑगस्टअखेरीलाच लावीन, कारण पाऊस उघडला की गाजर गवत फुलावर असतं आणि पाठोपाठ उडीद-मुगाच्या मळण्या लागतात. मारताना मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा, आणि स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेर कानाच्या दिशेनं. मधल्या पडद्यावर मारला की रक्त येतं, मग माणूस घाबरून स्प्रेच सोडून देतो. नाक चोंदल्यावर लगेच मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब वेगळे. ते चार-पाच दिवसांच्या पुढे नेले की बंद केल्यावर नाक आणखी घट्ट चोंदतं, आणि माणूस त्या बाटलीचा गुलाम होतो. एसटीत शेजारी बसून दर दोन तासांनी बाटली काढणारा एखादा तुम्हीही पाहिला असेल.

गोळी हवीच असेल तर मोटारसायकलवाल्यानं झोप आणणारी घ्यायची नाही. एव्हिल, सीपीएम (क्लोरफेनिरामिन) आणि सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्या याच जातीच्या. सेट्रिझिन काहींना पेंग आणते, काहींना नाही. फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिन त्या मानानं सुरक्षित. कोणतीही नवी गोळी पहिल्यांदा रविवारी घरी घेऊन बघा, शिरपूरच्या रस्त्यावर नव्हे. मॉन्टेलुकास्टची जोडगोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. ती घेताना झोप बिघडली, वाईट स्वप्नं पडली, मन उदास झालं तर ती थांबवून डॉक्टरला सांगायचं. अमेरिकेच्या औषध नियामकानं याबद्दल २०२० मध्ये ठळक इशारा दिला आहे. आणि गावोगावी मिळणारं लांब पल्ल्याचं स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. महिनाभर नाक छान राहतं हे खरं. पण साखर वाढते, हाडं झिजतात, आणि शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं कमी करतं. या कामासाठी ते मी कुणालाच देत नाही.

छातीचं म्हणाल तर जिनिंगमध्ये आवळते, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी एकदा व्हायला हवी. दमा निघाला तर निळा साल्बुटामॉलचा पंप एकटाच जवळ ठेवून भागवायचं, ही पद्धत दम्याच्या जागतिक मार्गदर्शनानं २०१९ पासून सोडली आहे. सूज उतरवणारं औषध पंपात असलंच पाहिजे. कोणता पंप, किती वेळा, हे तपासणी पाहून ठरतं, ते मी इथे बसून सांगणार नाही. ‘पंपाची सवय लागते’ हे मात्र डोक्यातून काढा. चष्मा काढला की दिसेनासं होतं, म्हणून चष्म्याची सवय लागली असं कुणी म्हणत नाही.

एक फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि खान्देशात फिरणाऱ्याला तो कळायलाच हवा. नाकातोंडाला त्रास देणारी प्रत्येक गोष्ट अ‍ॅलर्जी नसते. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवरून गेलात की डोळ्यांतून पाणी, खोकला, शिंका. तिथे कुणाचीही तीच गत होते, कारण मिरचीतला तिखट अंश नसांनाच डिवचतो. त्यावर अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन काडीचा उपयोग नाही. जिनिंगमधली कापसाची बारीक धूळ आणि भरताच्या वांग्यांसाठी पेटवलेल्या कापसाच्या काड्यांचा धूर यांचंही तेच. या ठिकाणी लागतो तो मास्क. एन-९५ किंवा त्याच दर्जाचा, नाकावरची पट्टी दाबून बसवलेला. रुमाल आणि गमछा मोठी धूळ अडवतात, छातीत जाणारी बारीक अडवत नाहीत. जिनात डीलरसमोर मास्क लावायला संकोच वाटतो, हे मला कित्येकांनी सांगितलंय. बोलणं ऑफिसात उरका, आत फेरी मारायचीच असेल तर मास्क लावून मारा. सारंगखेड्याच्या यात्रेत कंपनीचा स्टॉल असेल तर तिथेही तो वापरा. घोड्यांचा कोंडा आणि धूळ दोन्ही एकत्र असतात.

लॉजचं थोडक्यात. उशीचा अभ्रा आणि चादर घरची न्या. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कूलरच्या जाळ्या गेल्या वर्षीच्याच असतात, त्यांना बुरशीचा वास येतो. अशी खोली बदलून मागा. मुक्कामी पोचल्यावर आधी अंघोळ, मग पलंग, म्हणजे केसांतली धूळ उशीवर जात नाही. मीठपाण्यानं नाक धुवायचं तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, थेट नळाचं किंवा बोअरचं नको.

खाण्याचा भाग मोठा आहे. तपासणी होईपर्यंत दाणे, तीळ, काजू सगळंच संशयित धरा. खान्देशात दाणा कुठे नसतो हे विचारणं सोपं. भरतात तळलेले दाणे, ठेच्यात दाणे, उपासाला भगरीबरोबर दाण्याची आमटी, भरल्या वांग्यात कूट, आणि ज्या मिक्सरमध्ये चटणी फिरली त्याच मिक्सरमध्ये रश्शाचं वाटण. तेलाचं असं: रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनाचा अंश जवळजवळ नसतो, घाणीच्या तेलात असतो. त्यामुळे दाण्याची अ‍ॅलर्जी ठरली तर ‘शुद्ध लाकडी घाणा’ अशी पाटी दिसली की तिथलं तळण सोडायचं.

हॉटेलात ‘दाणे आहेत का?’ असं विचारू नका. वेटर भाजीकडे बघतो, दाणा दिसत नाही, ‘नाही’ म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीनं तो खरंच बोलतोय. विचारायचं आचाऱ्याला, आणि असं: रस्सा घट्ट कशानं केला? ‘भाऊ, वाटनमा काय काय टाकेल शे?’ असं अहिराणीत विचारलं तर तो पदार्थ एकेक करून सांगायला लागतो, त्यातून खरं कळतं. सांगताना अडखळला, किंवा ‘मसाला तयार येतो’ म्हणाला, तर तिथे रस्सा घ्यायचा नाही. भाकरी, दही, उकडलेलं अंडं, सोलायचं केळं. पोट भरतं. पाकीटबंद मालावर दूध, अंडी, मासे, दाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोया, गहू यांचा उल्लेख वेगळ्या ओळीत करणं २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनी बंधनकारक केलंय, तेव्हा ती ओळ वाचा. त्या यादीत तीळ मात्र नाही, त्यामुळे तिळाचा संशय असेल तर घटकांची अख्खी यादी वाचावी लागेल. सुट्या फरसाणाला कसलीच ओळ नसते.

शेतकऱ्याच्या घरी मात्र प्रश्न पदार्थाचा कमी, मानाचा जास्त. ‘अ‍ॅलर्जी आहे’ म्हटलं की ‘एक घास खाऊन बघा, काही होत नाही’ असं उत्तर मिळतं. ‘डॉक्टरचं पथ्य चालू आहे’ म्हटलं की सहसा आग्रह थांबतो, कारण पथ्य प्रत्येक घरात कुणाचं ना कुणाचं चालूच असतं. हे पान वाढल्यावर बोलायचं नाही. सकाळी भेटीचा फोन कराल तेव्हाच सांगा: जेवणाचं करू नका, चहा मात्र घेणार. आणि मग चहा खरोखर निवांत बसून प्या. बामणोदच्या वांग्यांची भरीत पार्टी असेल तर घरचा डबा न्या, पंगतीत बसा, डबा उघडा. पहिल्या वेळी चार माणसं विचारतील, पुढच्या वेळी कुणी विचारणार नाही. दाणे काढून बाजूला ठेवून भरीत खाणं ही पळवाट नाही, ते दाण्यांबरोबरच कालवलेलं असतं.

आता बॅगेत काय ठेवायचं. अ‍ॅनाफिलॅक्सिसचं औषध एकच, अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. परदेशात मिळणारी या इंजेक्शनची तयार, भरलेली पेनं आपल्या साध्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाहीत. म्हणून माझ्या निवडक रुग्णांना मी एक मिलिलिटरची अँप्यूल, सिरिंज आणि सुई एका कडक डबीत देतो, आणि दवाखान्यात सलाइनची अँप्यूल फोडून, भरून, टोचून दाखवायला लावतो. प्रौढाला साधारण अर्धा मिलिलिटर लागतो, पण तुमचा डोस तुमच्या डॉक्टरनंच लिहून द्यायचा आणि हात त्यांच्यासमोरच बसवायचा. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर तीही त्यांना दाखवा; काही गोळ्यांमुळे अ‍ॅड्रेनलिनचा असर कमी पडतो. रिअ‍ॅक्शन आली की आधी इंजेक्शन, मग १०८ ला फोन. आडवं पडायचं, पाय उंच. धाप लागत असेल तर बसायचं. उठून चालत गाडीपर्यंत जायचं नाही, रक्तदाब त्याच वेळी कोसळतो. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नसेल तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबायचं, कारण लक्षणं पुन्हा उलटू शकतात. लसीकरण आणि सर्पदंशाच्या उपचारांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात अ‍ॅड्रेनलिन ठेवलेलं असतं. तिथे पोचल्यावर ‘अ‍ॅलर्जी झाली’ एवढंच न म्हणता ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस आहे, अ‍ॅड्रेनलिन द्या’ असं सांगा, नाहीतर आधी एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन टोचण्यात वेळ जातो. हीच ओळ मराठीत लिहून, डॉक्टरच्या सहीनं, पाकिटात ठेवा. सोबतच्या ड्रायव्हरला आणि नेहमीच्या डीलरला डबी कुठे आहे ते माहीत हवं.

आपल्याकडे एक जास्तीची पंचाईत आहे, ऊन. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या गाडीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत त्याहून किती तरी जास्त. पंपाचा डबा ३० अंशांखाली ठेवायचा असतो, ५० च्या वर तो फुटू शकतो. अ‍ॅड्रेनलिन उष्णतेनं आणि उजेडानं मरतं. पाण्यासारखं नितळ नसेल, पिवळट-तपकिरी दिसलं तर टाकून द्या. डबी अंगावरच्या पिशवीत ठेवा, उन्हाळ्यात इन्सुलिनवाले वापरतात तसल्या गार पाऊचमध्ये. थेट बर्फावर नको. मार्चमध्ये आणि पुन्हा जूनमध्ये एकदा उघडून रंग आणि तारीख बघा.

आणि अंतराचा हिशेब ठेवा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तालुक्याच्या गावाला चौकशी करून खाल्लेलं चालेल. पण धडगाव, मोलगी, तोरणमाळकडची फेरी असेल तर घाट, लांबलेली वेळ आणि तुटणारं नेटवर्क धरून त्या दिवशी फक्त घरचा डबा. हा नियम मी स्वतःच्या घरच्या माणसालाही लावीन.

राहिला नोकरीचा प्रश्न. आत्ताच ऑफिस मागू नका. स्प्रे आणि पंप तीन महिने न चुकता घ्या, मास्क वापरा. त्यानंतरही आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, किंवा रात्री खोकल्यानं जाग येत असेल, तर साहेबांकडे जायचं, आणि तेव्हाही मागणी फिरती बंद करण्याची करायची नाही. जिनिंगचं आणि मळणीच्या प्रात्यक्षिकांचं काम दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्या, त्याचे दोन तालुके मला द्या, असं डॉक्टरच्या चिठ्ठीसह लेखी मागायचं. अशी अदलाबदल कंपनीला सोपी जाते, आणि तुमचा प्रवासभत्ताही बुडत नाही.